करण्यात येईल, पण करणार कोण?

मकेरिताने आयुष्यात एकाच छापील कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि त्याची किंमत तिच्या आईने डाव्या पायाची दोन बोटं देऊन चुकवली.

तेव्हा ती राजधानीत, आपियात, शिकवत होती. सोळा वर्षं एकच शाळा, वरचे वर्ग, विषय इंग्रजी. आई लुपे बोटीने जावं लागणाऱ्या सवाईई बेटावर, फांगासिना गावात, थोरल्या मुलाच्या, पेतेलोच्या घरी राहायची. आईला साखरेचा आजार. एकदा बाजारात कुणीतरी मकेरिताच्या हातात झाडपाल्याच्या औषधाचं एक गुळगुळीत पत्रक ठेवलं. 'अनेकांची साखर कायमची गेलेली आहे. डॉक्टरांनीही हे मान्य केलेले आहे.' मकेरिताने पत्रक तीनदा वाचलं, चार बाटल्या घेतल्या आणि शनिवारच्या बोटीने आईला नेऊन दिल्या. मुलगी शिकलेली, मुलगी सांगते म्हणजे खरंच असणार, म्हणून लुपेने दवाखान्याच्या गोळ्या बंद करून टाकल्या. दोन महिन्यांत पायाची जखम चिघळली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून मकेरिताने ते पत्रक चौथ्यांदा वाचलं. अनेकांची म्हणजे कुणाची? कुठल्या डॉक्टरांनी? त्या कागदावर माणसाचं एकही नाव नव्हतं. सोळा वर्षं ती मुलांना कठीण शब्दांखाली रेघा मारायला आणि त्यांचे अर्थ वहीत उतरवायला शिकवत आली होती. लिहिणारा आपल्याला कुठे नेतोय, हे विचारायला तिने कधीच शिकवलं नव्हतं. तिला तरी कुणी शिकवलं होतं?

लुपे शुद्धीवर आली तेव्हा मकेरिता तिच्या उशाशी रडत होती. लुपेने पायाच्या पट्टीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"आठ शिल्लक आहेत," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नीट वाच म्हणजे झालं."

त्या वर्षाच्या अखेरीला मकेरिताने आपियातली नोकरी सोडली आणि फांगासिनाच्या शाळेत बदली मागून घेतली. आपियातल्या मैत्रिणींना तो वेडेपणा वाटला. शाळा म्हणजे पोवळ्याच्या खड्यांच्या अंगणात पत्र्याखालचे पाच वर्ग. छप्पर तर असं, की पाऊस आला की शिकवणं थांबवून सगळ्यांनी नुसतं एकमेकांकडे बघत बसायचं. वरच्या वर्गात अकरा मुलं.

पहिल्या आठवड्यात तिने पुस्तक उघडलंच नाही. मासळीचे रिकामे डबे आणले, बसच्या काचेवर चिकटवायची जाहिरात आणली, देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, फलकावरची जुनी सूचना आणली आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कोण सांगतंय? कुणाला सांगतंय? काय सांगायचं टाळतंय? दुसऱ्या आठवड्यात त्यात चौथ्याची भर पडली: वाक्यातला कर्ता कुठाय?

या चौथ्या प्रश्नाने मुलांना वेडच लावलं. मुख्याध्यापकांचं परिपत्रक आलं, 'गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.' मागच्या बाकावरचा आउकुसो, ज्याला वर्षभरात कुणी स्वतःहून हात वर करताना पाहिलं नव्हतं, त्याने हात वर केला.

"करण्यात येईल, पण करणार कोण, बाई? सर तर बुधवारी स्वतःच नसतात."

वर्ग हसला. मकेरितालाही हसू आवरेना. पण तिने ते वाक्य फळ्यावर लिहून घेतलं आणि मुलांकडून त्यात कर्ता भरून घेतला. 'मी कारवाई करीन' असं लिहिलं की माणसाला स्वतः उभं राहावं लागतं, आणि 'करण्यात येईल' म्हटलं की कुणीच उभं राहत नाही, हे त्या दिवशी अकरा डोक्यांत पक्कं बसलं.

आता हे शाळेपुरतं राहतं तर बरं होतं. पण मुलं ते घरी नेऊ लागली. देवळाच्या फलकावर 'रंगरंगोटीची गरज भासत आहे' असं आलं, तेव्हा ती नक्की कुणाला भासतेय, असं आउकुसोने जेवणावर बसल्या बसल्या विचारलं आणि बापाची एक चपराक खाल्ली. गावात कुजबुज सुरू झाली. सगळ्यांत आधी पेतेलोला गाठलं ते लेमौंगाने.

लेमौंगा गावचा पहिला वक्ता. सत्तरी उलटलेला, गुडघे गेलेले, पण काठी टेकून आणि खांद्यावर काथ्याची चवरी टाकून तो मोकळ्या पटांगणात बोलायला उभा राहिला की कोंबड्यासुद्धा गप्प होतात, असं लोक म्हणत. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं. त्याने पेतेलोला सांगितलं की तुझी बहीण पोरांना धागे ओढायला शिकवते आहे. चटई विणायला पन्नास हात लागतात, उसवायला एक नख पुरतं. पेतेलो स्वतः मताई, म्हणजे मानाचं नाव मिळालेला कुटुंबप्रमुख. गावच्या सभेत बसणारा माणूस. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि घरी येऊन बहिणीला अवाक्षर बोलला नाही. आईनेच ती बातमी तिला पुरवली, तीसुद्धा चवीने.

मे महिन्यात कंपनीचा कागद गावात आला.

फांगासिनाला किनाऱ्यालगत एक झरा आहे. काळ्या खडकांतून थंडगार गोडं पाणी येतं आणि दगडी बांध घालून केलेल्या कुंडात साठतं. बायका तिथे धुणं धुतात, संध्याकाळी पोरं डुंबतात, म्हातारी माणसं मानेपर्यंत पाण्यात बसून राहतात. गावच्या निम्म्या गोष्टी आधी त्या कुंडात ठरतात आणि मग सभेत नव्याने ठरवल्या जातात. परदेशातल्या एका कंपनीला ते पाणी बाटल्यांत भरायचं होतं.

कंपनीतर्फे किरिसोमे नावाचा माणूस आला. परका नव्हता, त्याची आई शेजारच्याच गावची. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्याखाली नीट नेसलेली लुंगी. अवाची, सभेतल्या मानाच्या पेयाची, वाटी हातात आली तेव्हा जे म्हणायचं ते त्याने चोख म्हटलं. त्याने दोन भाषांत छापलेला करार वाटला. वर बाटली हातात धरून हसणाऱ्या पोराचं चित्र. बारा जणांना काम आणि शाळेला नवं छप्पर, असं त्याने कबूल केलं. मताई मंडळींना माणूस आवडला. विचार करून जुलैअखेर सही करू, असं ठरलं.

लेमौंगाची नात वाओसा मकेरिताच्या वर्गात होती. तीच दुसऱ्या दिवशी आजोबांची प्रत शाळेत घेऊन आली. मकेरिताने फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे घरची सामोअन, उजवीकडे इंग्रजी, आणि वाक्यासमोर वाक्य लिहायला मुलांना उभं केलं.

तासाभरात फळा बोलायला लागला. डावीकडे: 'गावाचा पाण्याचा वापर पूर्वीप्रमाणे चालू राहील.' उजवीकडे तेच वाक्य, पण शेवटी एक शेपूट: 'कंपनीच्या गरजेस बाधा न येता.' डावीकडे: 'पाणी कमी झाल्यास काळजी घेतली जाईल.' उजवीकडे: 'पाण्याची पातळी घटल्यास वापर मर्यादित करण्यात येईल.' आणि सगळ्यांत खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, फक्त उजवीकडे: 'दोन्ही मजकुरांत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरण्यात येईल.'

आउकुसोने डोकं खाजवलं. "मग सामोअन पान छापलंच कशाला?"

"वाचायला," वाओसा म्हणाली. "सही दुसऱ्या पानावर आहे."

वर्गात कुणी हसलं नाही.  चाळीस वर्षांची होऊन, इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून जे मकेरिताला दिसलं, ते या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना दुपारच्या जेवणाआधी दिसलं होतं.

आता गावाला सांगायला हवं होतं. पटवून देणारं लेखन अभ्यासक्रमात होतंच. मग निबंधाऐवजी पत्र लिहायचं ठरलं. पाठ्यपुस्तकात कृती दिलेली होती. पहिल्या वाक्यात आपली भूमिका, मग तीन कारणं, प्रत्येकाला पुरावा, शेवटी भूमिका पुन्हा ठासून. मुलांनी जीव ओतून पत्र लिहिलं. पहिलं वाक्य होतं, 'गावाने या करारावर सही करू नये, असे आमचे ठाम मत आहे.' मकेरिताने शब्दलेखन तपासलं आणि पत्र गावप्रमुखाकडे दिलं. परीक्षेत वीसपैकी वीस मिळाले असते, असं ते होतं.

सोमवारच्या सभेत पत्र वाचलं गेलं आणि सगळं फिसकटलं. पहिल्या वाक्यानंतर मंडळींचे चेहरे बंद झाले. ज्यांना मताई उठल्याशिवाय घरात उभंसुद्धा राहता येत नाही, त्या पोरांनी सभेला काय करू नये ते सांगितलं होतं. सगळ्यांत कडक बोलला तो लेमौंगा. आज सही करू नका म्हणतात, तो म्हणाला, उद्या आमच्या जेवणाच्या वेळा ठरवतील. सभेने मकेरिताच्या कुटुंबाला दंड केला: एक मोठं डुक्कर आणि मासळीच्या डब्यांची दहा खोकी. शिवाय बाईंनी यापुढे पुस्तकातलं तेवढंच शिकवावं.

पेतेलोने देवळाच्या सणासाठी राखलेलं डुक्कर सोडलं आणि पोरांकडून वाहून सभेच्या घरापुढे नेऊन ठेवलं. मकेरिता स्वयंपाकाच्या खोपट्यात तोंड लपवून बसली होती. तो परत आला, हात धुतले आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"दादा, मी तुला मान खाली घालायला लावली," ती म्हणाली.

"डुक्कर काय, दुसरं वाढवता येतं," पेतेलो म्हणाला. "मला एवढंच सांग, मका. त्या पत्रात होतं ते खरं होतं?"

"शब्द न् शब्द."

 तो तारोचे कंद लावणारा माणूस, बोलण्यात मंद. "मग पत्र लिहिण्यातच काहीतरी चुकलं असेल," तो म्हणाला आणि मळ्याकडे निघून गेला.

हे वाक्य मकेरिताला दंडापेक्षा जास्त लागलं. खरं असूनही पटलं नाही, म्हणजे आपल्या शिकवण्यातला अर्धा भागच पोकळ निघाला. वाचायला शिकवलं, पण बोलायला नाही. ती तीन दिवस शाळेत गेली आणि सभेच्या हुकुमाप्रमाणे पुस्तकातलं शिकवून आली. मुलंही मान खाली घालून उतरवून घेत राहिली.

चौथ्या दिवशी, पहिला तास चालू असताना, लेमौंगा काठी टेकत शाळेच्या अंगणात आला. मुलं बाकांवरून पटकन खाली जमिनीवर बसली. मकेरिताने चटई टाकली. म्हातारा बसला, श्वास घेतला आणि म्हणाला की काल नातीने मला तो कागद दोन्ही भाषांत वाचून दाखवला.

"चाळीस वर्षं मी सभेत बोलतोय, पोरी. नाव न घेता दोष कसा द्यायचा, हो न म्हणता होकार कसा द्यायचा, आणि झालं ते कुणी केलं हे कळू न देता कसं सांगायचं, हेच माझं काम. तो कागद माझ्याच धंद्यातल्या माणसाने लिहिलाय. मी त्याला वासावरून ओळखला."

मकेरिताचा ताबा सुटला. मग सभेत तुम्ही आमच्यावर का तुटून पडलात, असं तिने तोंडावर विचारलं. वाओसाने घाबरून मान खाली घातली.

"कारण पत्र वाईट होतं," लेमौंगा म्हणाला.

"आबा, त्याला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते."

"परीक्षकाला पटवायचं होतं की सेउलीला?"

सेउली म्हणजे गावचा थोरला मताई.  लेमौंगाने मग शांतपणे समजावलं. तुमची कारणं चांगली होती, पण ती कुणी ऐकलीच नाहीत. पहिल्या वाक्यात तुम्ही त्यांना खाली बसवलंत; त्यानंतर प्रत्येक जण आपला अपमान मोजत होता. अपमान मोजणाऱ्याला दुसरं काही ऐकू येत नाही. आणि छपराचं एक अक्षर तुम्ही काढलं नाहीत. सेउलीला त्या शाळेच्या छपराची दहा वर्षं लाज वाटते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

ठाऊक नव्हतं. कुणाला सांगतोय, हा प्रश्न तिने फळ्यावर रोज लिहिला होता आणि स्वतःचं पत्र लिहिताना विचारला नव्हता.

त्यानंतर तीन आठवडे, मंगळवारी आणि गुरुवारी, गावचा पहिला वक्ता वर्गात येऊन बसू लागला. सभेच्या हुकुमाचं काय, असं मुख्याध्यापकांनी दबकत विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मुलांना मोठ्यांशी बोलायची रीत शिकवणं कुठल्या हुकुमाविरुद्ध आहे ते मला दाखवा. त्याने मुलांकडून गावाच्या मानाच्या नावांचा क्रम घोकून घेतला. कुणाचं नाव आधी, कुणाचं मागून, कुठे थांबायचं, कुठे क्षमा मागायची. दोन्ही शिक्षकांची भांडणंही व्हायची. लेमौंगाला नमनालाच दीड पान हवं होतं, मकेरिता अर्ध्यावर अडून बसली होती. त्याला बारा म्हणी घालायच्या होत्या, ती दोन म्हणत होती. एकदा वाद इतका वाढला, की मुलांनीच मतदान घेऊन तीन म्हणी आणि एक पान ठरवलं.

मकेरिताने एक दिवस उलटी बाजू मांडायला लावली. प्रत्येकाने कंपनीच्या वतीने बोलायचं. आउकुसो किरिसोमे झाला. शर्ट खोचला, केस पाण्याने बसवले आणि छपराबद्दल, बारा जणांच्या कामाबद्दल, बोटीने परदेशी निघून जाणाऱ्या पोरांबद्दल असा काही बोलला, की शेवटी वर्गाने सही करायला हात वर केले. मग सगळे एकमेकांकडे बघून ओशाळले. पण वडीलधारी मंडळी मूर्ख नाहीत, त्यांना जे हवंय ते हवंसं वाटण्यासारखंच आहे, हे त्या दिवशी मुलांना उमगलं. लेमौंगा काठीवर हनुवटी टेकून आउकुसोकडे बघत राहिला आणि जाताना त्याने त्याच्या बापाचं घर कोणतं ते विचारून घेतलं.

दुसरं पत्र तयार झालं. त्यात सही करू नका असं कुठेच नव्हतं. गावाचा मान, मताईंची नावं, लेकरांनी तोंड उघडल्याबद्दल माफी, शाळेच्या छपरासाठी सभा करत असलेल्या खटपटीबद्दल कृतज्ञता. आणि मग: 'आमचे शिक्षण अपुरे असल्यामुळे करारातील पाच वाक्ये आम्हांस उलगडली नाहीत. पाहुणे पुन्हा येतील तेव्हा आपण त्यांस विचारून ती आम्हांस समजावून द्यावीत, म्हणजे आपण ज्यावर सही कराल त्याचा अर्थ आम्ही आमच्या मुलांना सांगू शकू.' खाली पाच वाक्यं, दोन्ही भाषांत, शेजारी शेजारी.

सहीचा दिवस उजाडला. सभेच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे आत बोललेलं अख्ख्या पटांगणाला ऐकू जातं. शेजारच्या घरात महिला समितीच्या बायका चटया विणत बसल्या होत्या. मकेरिता त्यांच्यातच होती, आणि लुपे खांबाला टेकून, पाय उशीवर ठेवून. मकेरिताच्या हातातली पात एकसारखी चुकत होती.

अवा वाटून झाला. लेमौंगाने बसल्या जागी परवानगी मागितली, की मुलांनी पाठवलेला नमस्कार त्यांच्यातल्याच एकीने वाचावा. सेउलीने मान हलवली. वाओसा बाहेर, वळचणीखाली, मांडी घालून बसली आणि वाचू लागली.

पहिल्या नावाला सेउलीने डोळे उघडले. तिसऱ्या नावाला म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकही नाव पुढेमागे झालं नव्हतं. छपराचा उल्लेख आला तेव्हा सेउलीने घसा साफ केला. मग पाच वाक्यं आली. ती वाचून झाल्यावर वाओसाने कागद मांडीवर ठेवला.  सेउलीच्या बाजूच्या मताईने पहिलं वाक्य सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, अर्ध्यात अडखळला आणि थांबला.

सेउली किरिसोमेकडे वळला. "वापर मर्यादित करण्यात येईल. कोण करणार?"

"व्यवस्थापन," किरिसोमे म्हणाला.

"ते कुठे राहतं?"

व्यवस्थापन परदेशात होतं. इथे एक अधिकारी नेमणार होते.

"आणि मर्यादित कुणाचा वापर करणार? तुमचा का आमचा?"

किरिसोमेने कागदाकडे पाहिलं. खोटं बोलला असता तर कदाचित खपलं असतं. पण आई शेजारच्या गावची, आणि समोर वळचणीला बसलेली पोरगी त्याच्याकडेच बघत होती. "गावाचा," तो हळूच म्हणाला.

बायकांच्या घरातून लुपेचा आवाज आला, मुद्दाम मोठा. "म्हणजे आता आंघोळीची परवानगी मागायला मी बोटीने परदेशी जायचं? आणि तेही आठ बोटांवर?"

आधी बायका हसल्या, मग पटांगणातली पोरं, मग सभेतल्याच कुणाला तरी हसू आवरेना, आणि शेवटी सेउलीचं पोट हलू लागलं. हसू ओसरलं तेव्हा करार जणू कुणाचाच राहिला नव्हता. पाचव्या वाक्याची, त्या मुंगीच्या अक्षरांची पाळी आली तेव्हा किरिसोमेने कागद घडी करून समोर ठेवला.

"हा प्रश्न इथे येण्याआधी मीच कंपनीला विचारायला हवा होता," तो म्हणाला.

सभेने कागद परत केला. मुलांचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. तशी रीत नव्हती. पण पुढच्या रविवारी देवळानंतर, पटांगणाच्या पलीकडून एक मिरवणूक पेतेलोच्या घराकडे निघाली. पुढे चवरी खांद्यावर टाकून लेमौंगा, मागे चौघांच्या खांद्यावर भाजलेलं अख्खं डुक्कर, दिलेल्यापेक्षा हातभर मोठं, आणि त्यामागे मोठ्या मानाची, रुमालासारखी मऊ जुनी चटई घेतलेल्या दोन बायका. एकदा घेतलेला दंड सभा परत करत नाही. म्हणून ही परतफेड नव्हे असं आधीच ठरलं होतं, आणि ती आहे असं कुणी म्हटलंही नाही. लेमौंगाने अंगणात उभं राहून मकेरिताचा, तिच्या भावाचा आणि शाळेचा मान गायला. पेतेलो दारात उभा होता. गेल्या महिन्यात ज्या माणसाने कपाळावर आठी आणली नव्हती, त्याला आता डोळे पुसायला लुंगीचा सोगा पुरेना. मकेरिता त्याच्या शेजारी ताठ उभी होती.

कंपनी नोव्हेंबरात परत आली. या वेळी करार आधी सामोअन भाषेत लिहिलेला, आणि तोच ग्राह्य. पाणी कुंडातून नव्हे, समुद्राला मिळणाऱ्या ओघळातून घ्यायचं. झडप कधी उघडायची ते महिला समिती ठरवणार, किल्लीही तिच्याकडे. सेउलीने सहीआधी कागद शाळेत पाठवला. अकरा जणांनी दोन दिवस तो उलटापालटा केला, दोन जागी कर्ता हरवलेला शोधून काढला, आणि किरिसोमेने वर्गातल्या बाकावर बसून स्वतःच्या हाताने तो भरला. मग सही झाली. छपराचे पत्रे नाताळआधी आले.

परीक्षेत पटवून देणारा निबंध आला तो शाळेच्या गणवेशावर. अकराच्या अकरा मुलं पास झाली. वाओसा बेटावर दुसरी आली. आउकुसो जेमतेम सुटला. त्याने गणवेशाच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही निबंध लिहिले होते आणि वेळ संपली होती. पण लेमौंगाने तोवर त्याच्या बापाला गाठून त्या पोराला आपल्या हाताखाली घ्यायचं कबूल करून घेतलं होतं.

पुढच्या वर्षी शिक्षण खात्याने मकेरिताला आपियात बोलावलं, बाकीच्या शिक्षकांना तिचा पाठ दाखवायला. ती लेमौंगाला घेऊन गेली. दिलेल्या चाळीस मिनिटांतली पस्तीस त्याने नमनात घालवली, आणि घड्याळाकडे बघणारे अधिकारी शेवटी घड्याळच विसरले. साठ शिक्षक जेवणाची घंटा झाल्यावरही बसून राहिले आणि मकेरिता फळ्यावर लिहीत राहिली.

आता शनिवारी सकाळी नव्या छपराखाली आणखी एक वर्ग भरतो. शेजारच्या तीन गावांतून लोक आपापले कागद काखोटीला मारून येतात. जमिनीचे, कर्जाचे, मुलांच्या परदेशी नोकऱ्यांचे. पहिल्या शनिवारी सर्वांत पुढच्या बाकावर सेउली येऊन बसला. एवढासा बाक, त्यात त्याचं पोट मावेना. मकेरिताने पाठ सुरू केला, पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाकडे वळली, तर गावच्या थोरल्या मताईने बोलायची परवानगी मागण्यासाठी हात वर केला होता.